किशोरांच्या कादंबरीत शेवटी भुताचा शास्त्रीय उलगडा करावा का?

तुम्ही 12 ते 16 वयोगटासाठी कादंबरी लिहिताय. तिच्यात भूतही आहे आणि विज्ञानही. शेवटी भूत खरं ठेवावं की त्यामागचं शास्त्रीय कारण दाखवावं, आणि शब्दसंख्या किती असावी, हे तुम्ही विचारलंय.

उलगडा करा किंवा करू नका, पण तो शेवटच्या दहा पानांत ठरवू नका. किशोरांच्या भूतकथेचा शेवट शास्त्रीयच हवा, नाहीतर मुलं अंधश्रद्ध होतील, असं मानणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. या अटीपायी चांगली हस्तलिखितं बिघडतात, आणि त्यांत सगळ्यात आधी बिघडतं ते विज्ञानच.

संपादनासाठी आलेलं एक हस्तलिखित घ्या. दोन भावंडं बंद पडलेल्या वेधशाळेत रात्री शिरतात. घुमटाखालच्या खोलीत त्यांना निळी शाल पांघरलेली करडी आकृती दिसते. थोरलीला ती एक कप्पा दाखवते आणि त्यात हरवलेली वही सापडते. वीस प्रकरणं हे भूत उत्तम चालतं. एकविसाव्यात विज्ञानाच्या बाई येतात आणि दीड पानात सांगून टाकतात, की हा सगळा पंख्याच्या इन्फ्रासाउंडचा, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या अगदी खालच्या आवाजाचा, परिणाम होता.

कल्पनेला आधार आहे. व्हिक टॅंडी या ब्रिटिश अभियंत्याला प्रयोगशाळेत अस्वस्थ वाटायचं, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती जाणवायची. शेगड्यात (वस्तू आवळून धरणाऱ्या व्हाइसमध्ये) धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं, तेव्हा त्याने शोध घेतला. एका पंख्यामुळे खोलीत सुमारे 19 हर्ट्झची (सेकंदाला 19 कंपनांची) उभी लहर, म्हणजे पुढे न सरकता जागीच थरथरणारी ध्वनिलहर, तयार होत होती. त्याचा निबंध 1998 साली प्रसिद्ध झाला.

आता हिशेब करा. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. त्याला 19 ने भागलं की लहरीची लांबी 18 मीटर येते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अशी लहर उभी राहायला निदान अर्धी लांबी, म्हणजे 9 मीटरची खोली लागते. हस्तलिखितातली खोली होती 3 मीटरची. तेवढ्या खोलीत सगळ्यात खालची उभी लहर 57 हर्ट्झच्या आसपास येईल आणि ती कानाला स्पष्ट ऐकू येते. म्हणजे ज्या नीरव शांततेच्या वर्णनावर सहा पानं खर्च झाली, तिथे सतत घुमल्यासारखा आवाज असायला हवा होता. दुसऱ्या प्रकरणात वेधशाळेची वीज तोडलेली आहे, मग पंखा कशावर फिरतो? इन्फ्रासाउंडने फार तर अस्वस्थता येईल, नजरेच्या कडेला काही हलल्यासारखं वाटेल. दोघांना एकच निळी शाल दिसणार नाही. आणि वहीचा कप्पा कोणी दाखवला? तेरा वर्षांचा वाचक पुस्तक मिटण्याआधी हेच विचारतो, आणि उत्तर नसलं की त्या लेखकाचं पुढचं पुस्तक हातात घेत नाही.

दुरुस्ती दोन्ही बाजूंनी होते. शास्त्रीय शेवट हवा असेल तर खोली लांबट करा, वीज चालू ठेवा, आणि पंखा तिसऱ्या प्रकरणातच अगदी किरकोळ वस्तू म्हणून दाखवा. आकृती दोघांना वेगवेगळी दिसू द्या, तीही फक्त नजरेच्या कडेला. वही मुलीने स्वतःच्या तर्काने शोधू द्या. सगळ्यात महत्त्वाचं, उलगडा मोठ्या माणसाच्या तोंडी नको. मुलांनी पंखा बंद करून पाहावा, टेबलाला पोलादी पट्टी आवळून तिची थरथर बघावी, आणि पहिल्या खेपेला फसावं. बारीक लांब पट्टी तिच्या स्वतःच्या कंपनाशी लहर जुळली तरच नीट थरथरते, त्यामुळे तिची मोकळी लांबी कमीजास्त करत बसणं हेच एक छान प्रकरण होतं.

कारण निवडताना साक्षीदार मोजा. एकट्यालाच दिसलं असेल, तर झोपेतला पक्षाघात चालतो: जाग आलेली, स्नायू अजून स्वप्नाच्या झोपेतल्यासारखे लुळे, छातीवर दाब, खोलीत कुणीतरी असल्याची खात्री. तो काही सेकंद ते दोनेक मिनिटं टिकतो. जागेपणी धावत असलेल्या पात्राला तो लावता येत नाही. सगळ्या घराला भास होत असतील, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. 1921 साली विल्मर या नेत्रतज्ज्ञाने अशाच एका ‘झपाटलेल्या’ घराची हकिकत छापली. दोष घर तापवणाऱ्या बिघडलेल्या भट्टीचा होता. पण मग घरातल्या सगळ्यांचं डोकं दुखायला हवं, मळमळायला हवं, आणि बाहेर पडल्यावर बरं वाटायला हवं. या खुणा पहिल्या प्रकरणापासून पेरल्या नाहीत, तर शेवटी वायूचं नाव घेऊन उपयोग नाही.

भूत खरंच ठेवायचं असेल तर काम कमी होत नाही, वाढतं. भूत भिंतीतून जातं तर जमिनीतून खाली का पडत नाही? ते कोणाला दिसतं? काय उचलू शकतं? एका कामाची त्याला काय किंमत मोजावी लागते? हे चार-पाच नियम एका कार्डावर लिहा. पुस्तकाचा पहिला तृतीयांश संपेपर्यंत सगळे घटनांमधून दिसले पाहिजेत, आणि त्यानंतर नवा नियम आणायचा नाही. शेवटच्या संकटात भुताला अचानक नवी शक्ती आली, की तिथे पुस्तक कोसळतं. बाकीचं जगही काटेकोर हवं. मध्यरात्री डोक्यावर चंद्रकोर असूच शकत नाही. शुक्ल पक्षातली बारीक कोर सूर्यास्तानंतर लवकरच मावळते, कृष्ण पक्षातला अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. आकाश चुकलं की भुतावरचा विश्वासही जातो.

निव्वळ विज्ञान कादंबरीतही हीच शिस्त. प्रकाशाच्या 0.8 पट वेगाने 4 प्रकाशवर्षांवर जाऊन लगेच परतलात, तर पृथ्वीवर 10 वर्षं जातात आणि यानात 6. चौदा वर्षांच्या जुळ्यांपैकी एक गेली, तर परतताना ती 20 ची आणि भाऊ 24 चा. या चार वर्षांतच अख्खी कादंबरी आहे. पण मधल्या प्रकरणात तिने भावाशी थेट गप्पा मारल्या, की संपलं. मंगळापर्यंतसुद्धा संदेश पोहोचायला एका दिशेने 3 ते 22 मिनिटं लागतात.

या वयाला अनुत्तरित शेवट झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांनी मेरी शेली आठवावी. 1816 साली ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी सुरू केली तेव्हा ती 18 वर्षांची होती. निर्जीवात प्राण कसा फुंकला, हे तिचा नायक सांगायला साफ नकार देतो. कृती झाकलेली आहे, परिणाम एकही झाकलेला नाही. किशोर वाचकाला नेमकं हेच पुरतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. इन्फ्रासाउंडमुळे भास होतात यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, म्हणून पात्राने ते ‘कदाचित’ लावूनच बोलावं. झोपेतला पक्षाघात अनेकांना पहिल्यांदा याच वयात जाणवतो. तो वापरलात तर तो आपोआप सुटतो, हे कथेत कुठेतरी येऊ द्या. आणि 12 चा वाचक आणि 16 चा वाचक एक नव्हेत. वर सांगितलेला मोकळा शेवट 14 च्या पुढे अधिक बसतो.

शब्दसंख्या: 35 ते 45 हजार, प्रकरण दीड-दोन हजारांचं. उलगडा सुमारे तीन चतुर्थांशावर आणा, म्हणजे 40 हजारांत 30 हजारांच्या आसपास. पुढचे 10 हजार शब्द कळल्यानंतर ती मुलं काय करतात यासाठी ठेवा.