आम्ही परभणीचे. 72 वर्षांच्या वडिलांच्या एमआरआयमध्ये 'बेसल गँग्लियात मिनरलायझेशन' आलंय. लोखंडी तवा आणि बोअरचं पाणी बंद करू का?

वडील 72 वर्षांचे आहेत आणि तुम्ही परभणीचे, एवढं प्रश्नावरून कळतंय. तवा राहू द्या. मिनरलायझेशन म्हणजे लोह किंवा कॅल्शियम साचणं, आणि या वयात तो शब्द रिपोर्टात सर्रास येतो.

बेसल गँग्लिया म्हणजे मेंदूच्या आत खोलवरचे पेशींचे पुंजके; त्यातलाच एक ग्लोबस पॅलिडस. हालग्रेन आणि सूरांदर या संशोधकांनी 1958 साली 81 मेंदूंमधलं लोह मोजलं, तेव्हा इथे दर 100 ग्रॅमला सुमारे 21 मिलिग्रॅम निघालं. यकृतापेक्षाही जास्त! कपाळामागच्या करड्या थरात जेमतेम 3. पॅलिडसमध्ये लोह तिशीपर्यंत झपाट्यानं भरतं नि मग थबकतं. शेजारच्या प्युटामेन या पुंजक्यात पन्नाशी-साठीपर्यंत वाढतच राहतं.

हे लोह तव्यावरून सरळ डोक्यात चढत नाही. रक्त आणि मेंदूच्या मधल्या पडद्यातून ते मोजूनमापूनच आत सोडलं जातं. म्हणून रक्तातल्या फेरिटिनवरून (शरीरातला लोहसाठा दाखवणारं प्रथिन) मेंदूतल्या लोहाचा अंदाज बांधू नका, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर या रिपोर्टापायी लोहाची गोळीही थांबवू नका. जड पाण्याचंही तेच, रक्तातलं कॅल्शियम पॅराथायरॉइड ग्रंथी सांभाळते. बोअरला फ्लोराइड जास्त असेल तर पाणी जरूर बदला, पण दात-हाडांसाठी.

खरी मेख वेगळीच आहे. एसडब्ल्यूआय (लोह-कॅल्शियम ठळक टिपणारी एमआरआयची पद्धत) फिल्मवर लोह आणि कॅल्शियम दोन्ही काळेच दिसतात. रेडिओलॉजिस्टला त्याच तपासणीतली फेज इमेज बघायला सांगा, तिथं दोघांच्या छटा एकमेकींच्या उलट येतात. तरीही शंका उरली तर साधा सीटी: कॅल्शियम पांढरंशुभ्र उमटतं, लोह सहसा दिसत नाही. कॅल्शियम ठळक निघालं तर रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक) तपासून घ्या. डाग एकाच बाजूला असेल तर नुसतं 'वयामुळे' म्हणून सोडू नका.

लोह 'उपसून काढणाऱ्या' औषधांच्या नादी तर मुळीच लागू नका. लेव्होडोपा हे नेहमीचं औषध अजून सुरू न झालेल्या पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) 372 रुग्णांवर डेफेरिप्रोन या लोह काढणाऱ्या औषधाची 36 आठवडे चाचणी झाली. 2022 साली निकाल आला: डेफेरिप्रोन घेणाऱ्यांचीच लक्षणं जास्त बिघडली.

हात थरथरणं, चालताना पाय घासणं, विसरभोळेपणा यातलं काही असेल तर न्यूरोलॉजिस्टकडे जा. जाताना रिपोर्टाच्या कागदासोबत सीडीही न्या. फेज इमेज कागदावर सापडत नाही.