खडूचे कडे आणि सिंहगडची सवय

प्रश्न : मी 61 वर्षांची आहे आणि जूनमध्ये मुलीकडे लंडनला जाणार आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ‘सेव्हन सिस्टर्स’ कड्यांवरून दहा-बारा जणांच्या गटाला वाटाड्यासह एका दिवसात फिरवून आणतात, असे तिने कळवले आहे. मी दर रविवारी सिंहगड चढते. हे मला झेपेल का? वाट सोपी असेल, तर वाटाड्यासाठी पैसे का मोजावेत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दम पुरेल, काळजी गुडघ्यांची घ्यावी. सिंहगड एकदा चढायचा आणि एकदा उतरायचा असतो. येथे एक्सीट या छोट्या वस्तीपासून बर्लिंग गॅप या किनाऱ्यावरच्या वस्तीपर्यंत, नावात सातच बहिणी असल्या तरी, आठ टेकड्यांची चढ-उतार ओळीने करावी लागते आणि आठवी टेकडी बहुतेकांना अनपेक्षितच भेटते. त्यानंतर 162 मीटर उंचीचा बीची हेड हा कडा अजून पुढेच असतो. सीफर्ड ते ईस्टबोर्न या किनाऱ्यावरच्या दोन गावांमधली पूर्ण वाट सुमारे 22 किलोमीटरची आहे. बर्लिंग गॅपला उपाहारगृह आणि स्वच्छतागृह आहे. पाय बोलू लागले, तर तेथेच थांबता येईल का, हे गटात नाव नोंदवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

वाट चुकणे येथे कठीण आहे, त्यामुळे केवळ वाट दाखवण्यासाठी वाटाड्याची गरज नाही. गरज आहे ती आपल्या सह्याद्रीतल्या सवयींना आवर घालण्यासाठी. आपण बेसॉल्टच्या कड्यावर वाढलेली माणसे. टोकाशी जाऊन खाली डोकावल्याशिवाय आपल्याला कडा पाहिल्यासारखे वाटत नाही. हे कडे मात्र खडूचे आहेत. सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा गाळ आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी साचून तो बनला, म्हणजे वयाने आपल्या बेसॉल्टहून थोरला, पण अंगाने फारच मऊ. लाटा पायथा पोखरत राहतात आणि वरचे हिरवेगार गवत कित्येकदा नुसते अधांतरी लोंबत असते, जे त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला दिसूच शकत नाही. वाटेतले बेल टाउट दीपगृह, कडा ढासळत मागे सरकू लागल्यामुळे, 1999 साली अखंड उचलून 17 मीटर आत सरकवावे लागले. तेव्हा छायाचित्रासाठीसुद्धा कडेपासून पाच-सहा मीटर दूरच राहावे, आणि जो वाटाड्या गटाला टोकावर उभे करून छायाचित्रे काढतो, त्याच्यासोबत जाऊ नये.

गटात तरुण अधिक असले की चाल त्यांचीच ठरते. म्हणून सर्वांत मागे चालणारा दुसरा जाणकार असतो का, हेही विचारावे. सावली जवळपास नाही, तेव्हा टोपी आणि भरपूर पाणी हवेच, आणि वाऱ्यासाठी विंडचीटर.

प्रश्न : चढ टाळून कड्यांखालच्या किनाऱ्याने चालत जाता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तो विचार सोडून द्यावा. भरतीत पाणी थेट कड्याला भिडते आणि एक्सीटजवळचे कुकमिअर नदीचे मुख ते बर्लिंग गॅप या टप्प्यात वर चढायला वाट नाही. शिवाय दगड वरून केव्हाही सुटतात. किनारा पाहायचाच असेल, तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ओहोटीला बर्लिंग गॅपच्या जिन्याने खाली उतरावे, कड्यापासून लांब राहून पाहावे आणि पाणी चढू लागण्यापूर्वी त्याच जिन्याने वर यावे.