वाचकांचे प्रश्न : व्हायोलिनची टेलगट कोणती घ्यावी आणि कशी बसवावी?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळचे व्हायोलिन आहे. भजनाच्या साथीसाठी आणि घरच्या रियाजासाठी मी ते सा-प-सा-प असे लावून, मांडी घालून वाजवतो. टेलपीसला, म्हणजे तारांची खालची टोके अडकवायच्या पट्टीला, मागच्या बटणाशी जोडणारी टेलगट तुटली तेव्हा कोणीतरी तिच्या जागी बारीक लोखंडी तार पिळून बांधली होती. ती तशीच राहिली असून टेलपीस ब्रिजच्या (तारा उचलून धरणाऱ्या घोडीच्या) फार जवळ आला आहे. आटे आणि नट असलेली, लांबी कमी-जास्त करता येणारी टेलगट बसवावी असा सल्ला मला मिळाला आहे. नायलॉन, पोलाद आणि केवलार (एक बळकट कृत्रिम धागा) यांपैकी कोणती निवडावी, ती घरी बसवता येईल का, आणि आवाजात खरोखर फरक पडतो का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : सर्वप्रथम ती लोखंडी तार काढून टाका. चार तारांची मिळून वीस किलोहून अधिक ओढ टेलगटीवर असते. सा-प-सा-प असे खाली लावल्याने ती थोडी कमी होते, तरी बारीक कडक तार सॅडलमध्ये, म्हणजे वाद्याच्या खालच्या काठावरील शिसवी किंवा आबनुशी पट्टीत, हळूहळू खाच पाडते. सॅडल कापले गेले की पुढची पाळी मऊ लाकडाच्या वरच्या पाटीची येते आणि तिची दुरुस्ती टेलगटीच्या किमतीच्या कित्येक पट महाग पडते.

आता आवाजाविषयी. टेलगटीच्या लांबीवरून टेलपीसची जागा ठरते आणि टेलपीसच्या जागेवरून ब्रिजच्या मागे उरणाऱ्या तारेची लांबी ठरते. वाजणारी तार म्हणजे वरच्या नटपासून (खुंट्यांजवळची तारांच्या खाचांची पट्टी; टेलगटीचा आट्यांचा नट निराळा) ब्रिजपर्यंतचा भाग. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर तो साधारण ३२८ ते ३३० मिलिमीटर असतो. ब्रिजमागची लांबी याच्या एक षष्ठांश, म्हणजे सुमारे ५५ मिलिमीटर ठेवण्याची कारागिरांची जुनी रीत आहे. तारेचा सहावा भाग मूळ स्वराच्या सहापट कंपनसंख्येने वाजतो. त्यामुळे षड्जाच्या तारेच्या मागच्या भागातून दोन सप्तके वरचा पंचम निघतो आणि पंचमाच्या तारेच्या मागून ऋषभ. हे दोन्ही स्वर मूळ तारेच्या स्वयंभू स्वरांत (तार छेडल्यावर आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांत) बसणारे असल्याने मागचा भाग मुख्य नादाला बाधा न आणता सहकंपित होतो. तारेच्या त्या टोकाला रेशमी गुंडाळी असते, तिच्या वजनामुळे कानाला ऐकू येणारा स्वर थोडा उतरलेला भासू शकतो. म्हणून आधी पट्टीने माप घ्यावे आणि मग कानाने पारखावे.

आपला टेलपीस पुढे सरकला आहे, म्हणजे ही लांबी कमी झाली आहे. अशा वेळी नाद आखडल्यासारखा वाटतो, खर्जाची तार मोकळी बोलत नाही, अशी तक्रार वादक करतात आणि त्यात बरेच तथ्य असते. मात्र नुसती टेलगट बदलल्याने साधे वाद्य थोर वाद्य होईल, ही अपेक्षा कृपया ठेवू नये. माझ्या मते टेलगट कशाची आहे यापेक्षा ती कोणत्या लांबीवर स्थिरावली आहे याला कितीतरी अधिक महत्त्व आहे. आट्यांच्या टेलगटीचा खरा उपयोगही तोच : गाठ सोडून पुन्हा बांधण्याची यातायात न करता नट फिरवून हवी ती लांबी मिळते.

निवडीबाबत माझे मत स्पष्ट आहे. आपल्यासाठी दोन्ही टोकांना आटे आणि छोटे पितळी नट असलेली नायलॉनची टेलगट योग्य. हा प्रकार इटालियन व्हायोलिन-कारागीर सिमोने फर्नांदो साक्कोनी (१८९५–१९७३) यांच्या नावाने ओळखला जातो आणि दुकानांतही ‘साक्कोनी’ म्हणूनच मिळतो. पूर्वी येथे जनावराच्या आतड्याची तात असे; ती दमट हवेत सैल पडते, म्हणून आज फार थोडे लोक वापरतात. पोलादी दोरी ताणली जात नाही, परंतु ती कडक असते आणि सॅडलवर व बटणावर घासते, शिवाय अनेकांना तिचा आवाज जरा टोकदार वाटतो. केवलार वजनाने हलके असून फारसे ताणले जात नाही आणि जाणकार हातांनी बांधले तर त्याचा नाद फार मोकळा लागतो, हे मान्य करायला हवे. परंतु त्याला गाठ मारावी लागते आणि लांबी चुकली तर सारे पुन्हा करावे लागते. जवळपास व्हायोलिनचा कारागीर नसेल तर त्या वाटेला न जाणे बरे.

घरी बसवण्यात एक मोठा धोका आहे. टेलगटीसाठी चारही तारा एकाच वेळी सैल कराव्या लागतात आणि त्यांचा दाब गेला की ब्रिज तर पडतोच, पण आत केवळ दाबाने उभा असलेला साउंडपोस्ट, म्हणजे दोन पाट्यांमधला लाकडी दांडाही पडू शकतो. तो पडल्याचा आवाज आला, किंवा आत काही गडगडले, तर तारा अजिबात चढवू नयेत. आधाराशिवाय वरची पाटी खचते. साउंडपोस्ट उभा करणे घरचे काम नव्हे. आपल्याला मिरज जवळ आहे आणि तेथील कारागिरांचा तंबोऱ्या-सतारीतील लौकिक सर्वश्रुत आहे, पण व्हायोलिनचा साउंडपोस्ट बसवणे हे निराळे कसब असल्यामुळे वाद्य देण्यापूर्वी ते काम येथे होते का, हे स्पष्ट विचारावे.

इतके जाणून काम हाती घेणार असाल, तर वाद्य जाड मऊ कापडावर उताणे ठेवा आणि टेलपीसखाली दुमडलेला रुमाल सरकवा, म्हणजे बारीक स्वर लावण्याच्या स्क्रूंनी पाटीवर ओरखडे पडणार नाहीत. ब्रिजच्या पायांची जागा मोबाइलवर फोटो काढून नोंदवून ठेवावी. तारा थोड्या थोड्या करून सैल कराव्यात. नव्या टेलगटीची दोन्ही टोके टेलपीसच्या मागील भोकांतून आत घेऊन खालच्या पोकळीत त्यांवर नट चढवावेत आणि मधला फास बटणाच्या मानेवर, वाद्याच्या अंगालगत बसवावा. दोन्ही नट सारखेच फिरवावेत, नाहीतर टेलपीस एका बाजूला कलतो. टोकांचा उरलेला भाग पाटीला टेकला तर विशिष्ट स्वरांवर झणझण ऐकू येते, म्हणून तो कापावा, पण नटबाहेर दोन-तीन आटे राहू द्यावेत. कापलेले टोक किंचित तापवून फुगवले की नट निसटत नाही; हे मात्र टेलगट वाद्यापासून दूर घेऊन करावे.

नवे नायलॉन ताणले जाते आणि टेलपीस ब्रिजकडे सरकतो. म्हणून सुरुवातीला मागची लांबी ५५ ऐवजी ५६ च्या आसपास ठेवावी आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावी. त्या वेळी नट फिरवायचे झाल्यास तारा आधी सैल केल्याच पाहिजेत; पूर्ण ओढीखाली जबरदस्तीने फिरवल्यास नायलॉनवरचे आटे चिरडतात आणि टेलगट वाया जाते. ५५ चे माप साधले असता टेलपीसचे शेपूट सॅडलच्या आतल्या काठाच्या आसपास, त्याला न टेकता यायला हवे. ते सॅडलवर चढत असेल तर आपला टेलपीसच लांब आहे आणि तो बदलावा लागेल.

प्रश्न : माझी मुलगी ३/४ मापाचे व्हायोलिन शिकते. त्याच्या लाकडी टेलपीसवर स्वर लावण्याचे चार सुटे धातूचे स्क्रू आहेत. टेलगट कितीही आखूड केली तरी मागची लांबी पुरेशी मिळत नाही. हे का होते?
— एक पालक, चिकोडी

उत्तर : दोष टेलगटीचा नाही. सुटा स्क्रू टेलपीसच्या काठाच्या पुढे येतो आणि तार त्याच्या नाकावर टेकते, त्यामुळे मागची लांबी तेथूनच कमी होते. लहान वाद्यासाठी ५५ चा आकडा विसरावा आणि वरच्या नटपासून ब्रिजपर्यंतचे अंतर स्वतः मोजून त्याला सहाने भागावे. त्यानंतर ३/४ मापाचाच, स्क्रू आतच बसवलेला टेलपीस घ्यावा. त्याला बहुधा आट्यांची टेलगट जोडूनच येते. शिकणाऱ्या मुलांना चारही तारांवर स्क्रूची सोय हवी असते, तेव्हा ते स्क्रू काढून टाकण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत टेलगटीचे पितळी नट हिरवे पडतात. तेल घालावे का?
— एक वाचक, कारवार

उत्तर : तेल घालू नये. ते लाकडात मुरते आणि वार्निशवर डाग पाडते. वाजवून झाल्यावर बटणाजवळचा भाग कोरड्या सुती कापडाने पुसावा, कारण बसून वाजवताना तो छातीशी टेकतो आणि तेथे घामही लागतो. खानापूरच्या पावसात किंवा आपल्याकडच्या दमट हवेत नायलॉन थोडी ओल धरते, त्यामुळे पावसाळा सुरू झाल्यावर आणि संपल्यावर मागची लांबी एकदा मोजून पाहावी. नट हाताने फिरेनासा झाला असेल तर पकड लावून झटापट करू नये. तारा उतरवून टेलगट नटांसह नवी घालावी.