घरात पाणी शिरून भिजलेले स्पीकर वाचतात का?

बऱ्याचदा वाचतात, पण एक विनंती: चालतात का हे बघायला लगेच चालू करू नका. माणसं घाईत हीच चूक करतात. आधी वायरी काढा, स्क्रू खोलून स्पीकर खोक्यापासून वेगळे करा आणि आतला कापूस बाहेर काढा. गाळ असेल तर लोखंडी सांगाडा ओल्या फडक्याने पुसा. कागदी कोनला (आवाजाने थरथरणाऱ्या पुढच्या पडद्याला) मात्र घासू नका, ओला कागद बोट लागताच फाटतो. तोंड वर करून पंख्याखाली तीन-चार दिवस ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको, डिंक सुटतो. तांदळात ठेवून काही होत नाही.

सुकल्यावर दोन्ही हातांची बोटं समोरासमोर ठेवून कोन अगदी हलका दाबा. खरखर जाणवली तर कॉइल, म्हणजे कोनमागची तारेची गुंडाळी, घासतेय. ती मॅग्नेटच्या ज्या फटीत हलते तिथे गाळ किंवा गंज आहे. मग मल्टिमीटर (विजेचं मोजमाप करणारं यंत्र) लावून स्पीकरच्या दोन टोकांमधला रोध मोजा: ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ ओहम दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही तर कॉइल किंवा तिची तार तुटली आहे. तरी टाकून देऊ नका, मॅग्नेट आणि सांगाडा चांगला असेल तर कारागीर नवीन कॉइल-कोन बसवून देतात.

एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) खोकं फुगलं की फुगलंच, ते बदला. आत अ‍ॅम्प्लिफायर असेल तर तो स्वतः उघडू नका; प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) वीज राहते.