दुर्गम डोंगरी खोऱ्यातील गावांचे समाजजीवन खरोखरच एकोप्याचे आणि समाधानाचे असते का?

शहरातील नोकरी सोडून पत्नीसह एखाद्या डोंगरी खोऱ्यात कायमचे राहायला जावे असे आपल्या मनात आहे, आणि तिथली माणसे खरेच एकमेकांना धरून असतात का, असे आपण विचारले आहे. सगळ्या खोऱ्यांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मी मूळचा कांदाटी खोऱ्यातला आहे, त्यामुळे तेवढेच सांगतो.

हे खोरे सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडे सह्याद्रीच्या धारेला टेकून आहे. धार ओलांडली की रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुका लागतो. इथे पहिल्यांदा येणाऱ्याला वाटते की ही गावे अशी अनादिकाळापासून जगापासून तुटलेली असावीत. ते खरे नाही. आमच्या आजोबांच्या तरुणपणी नदीकाठची वाट धरून माणसे बामणोलीकडे, मेढ्याकडे बाजाराला पायी जात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कोयना धरणात पाणी अडवले गेले, तेव्हा खोऱ्यातील उत्तम भातखाचरे बुडाली, त्यांच्याबरोबर वाटाही बुडाल्या. बरीच कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत पुनर्वसनासाठी गेली. जी राहिली ती वर डोंगरउतारावर सरकली आणि भाताऐवजी नाचणी-वरीवर अधिक विसंबू लागली. ज्या पाण्यावर पोफळीला वीज तयार होते, त्याच पाण्याच्या काठावर माझ्या लहानपणी आम्ही रॉकेलच्या चिमणीत अभ्यास केला. दुर्गमपणा आमच्याकडे असा माणसाच्या हाताने आला, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

आता एकोप्याविषयी. मी नववीत असताना माझ्या चुलतीला संध्याकाळी गवत कापताना फुरसे चावले. जाड बांबूला घोंगडी बांधून डोली केली, पुढे कंदील घेऊन एक जण आणि मागे आळीपाळीने खांदा बदलणारे बारा जण, असे आम्ही काठापर्यंत उतरलो. पावसाळा नुकताच संपला होता, वाट निसरडी होती, आणि दर शंभर-दीडशे पावलांवर कोणी तरी 'बदला' म्हणून ओरडत होते. लाँचवाला पलीकडच्या काठावर झोपला होता. बॅटरीची उघडझाप करून आणि हाका मारून त्याला उठवायला अर्धा तास गेला. तापोळ्याला पोहोचल्यावर जीप मिळाली आणि तिथून महाबळेश्वरचा घाट चढून रुग्णालय गाठले. चुलती वाचली. त्या बारा जणांपैकी दोघांशी आमच्या घराचा बांधावरून वाद होता आणि वर्षभर बोलणे बंद होते. त्यांनी खांदा दिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलणे बंद झाले. आपण ज्याला एकोपा म्हणता तो आमच्याकडे असा आहे: त्यात प्रेम असेलच असे नाही, पण खांदा मात्र द्यावाच लागतो, कारण उद्या डोलीत आपण असू शकतो.

मात्र हा एकोपा केवळ गावात जोपासला गेला असे समजू नका. त्याचा निम्मा संसार मुंबईत होता. आमच्या भागातील पुरुष दोन-तीन पिढ्या माथाडी म्हणून दाणाबंदर, मशीद बंदर इथे पाठीवर गोणी वाहत आले. माझे वडीलही त्यांपैकीच. ते ज्या खोलीत राहत ती कोणा एकाची नव्हती, गावकीची होती. दहा बाय पंधराच्या त्या जागेत वीस-बावीस पत्र्याच्या पेट्या भिंतीला लावून ठेवलेल्या असत, झोपायला पाळ्या असत, आणि महिन्याच्या एका रविवारी वर्गणीची वही उघडली जाई. देवळाचा जीर्णोद्धार, पाण्याची टाकी, जत्रेचा खर्च, एखाद्या विधवेच्या मुलाची फी, हे सगळे त्या वहीत ठरत असे. पुढे घाऊक बाजार वाशीला गेला तशी माणसे कोपरखैरणे, घणसोलीकडे सरकली. गावकीची खोली गेली, व्हॉट्सॲपवरचा समूह आला. वर्गणी अजूनही वेळेवर जमते, बहुधा पूर्वीपेक्षा जास्तच जमते. जमत नाहीत ती माणसे.

अलीकडे गावातील एका म्हाताऱ्या गृहस्थांना रात्री छातीत दुखू लागले, तेव्हा गावात खांदा देता येईल असे पाच पुरुष होते आणि त्यांतील दोघांनी साठी ओलांडलेली होती. शेवटी बायकांनी डोली धरली. माझी वहिनी पुढच्या बाजूला होती. पूर्वी बाईने डोलीला हात लावला असता तर गावकीत चर्चा झाली असती. त्या रात्री कोणी अवाक्षरही काढले नाही. मला या घटनेचा आनंद झाला आणि भीतीही वाटली.

उत्तरात गोड तेवढेच लिहिणे बरे नव्हे, म्हणून हेही सांगतो. पालखीचा मान कोणाचा, देवळात पुढे कोण उभा राहणार, यावरून भावकीत पिढ्यान्पिढ्या वैर चालते. एखाद्या घराला वाळीत टाकण्याची धमकी मी स्वतः गावसभेत ऐकलेली आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, हे त्या सभेत मोठ्याने सांगायला एका तरुण मुलीला उठावे लागले. नवरा मुंबईत आणि सासू-सासरे अंथरुणाला खिळलेले, अशा स्थितीत वीस-वीस वर्षे काढलेल्या बायकांच्या एकटेपणाला आमच्याकडे नावसुद्धा नाही. 'तिचे काय, ती गावी आहे' एवढ्यात तो विषय संपतो. वरच्या धनगरवाड्यांची गत आणखी वेगळी, तिथे डोली उतरवायला आमच्यापेक्षा दीड तास जास्त लागतो.

शिमग्याला मात्र खोरे वेगळे दिसते. बंद घरांची कुलपे निघतात, अंगणे सारवली जातात, सहा महिने कोणाचा आवाज न ऐकलेल्या आळीत रात्री दोनपर्यंत ढोल वाजतो. पाच दिवसांनी परतीच्या लाँचवर बसायला जागा नसते, आणि काठावर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यांची संख्या दर वर्षी कमी दिसते. कोणी तरी तिथेच पुढच्या वर्षीच्या वर्गणीचा आकडा सांगत असते.

रस्ते आता पूर्वीपेक्षा बरे आहेत. खेडच्या बाजूने रघुवीर घाट चढून गाडी शिंदीपर्यंत येते, पण पावसाळ्यात दरड कोसळली की तो मार्ग बंद पडतो. 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पाच्या आराखड्यामुळे जमिनींचे भाव वाढले आहेत, आणि दलाल लाँचमधून उतरताना दिसू लागले आहेत. आपल्यालाही त्यांच्यापैकी कोणी तरी डिसेंबरात, निळे पाणी आणि कोवळे ऊन दाखवून जागा दाखवील.

माझी विनंती इतकीच की सौदा करण्याआधी जुलैत एक आठवडा तिथे कोणाच्या तरी घरी राहा. बाजूच्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यावरून अंदाज करा. मे महिन्यातही एकदा जा, तेव्हा पाणी इतके मागे हटते की भेगाळलेला गाळ तुडवत लाँच गाठावी लागते आणि बुडालेल्या घरांची जोती उघडी पडतात. गावात गेल्यावर वीज, इंटरनेट यांची चौकशी कराल ती कराच, पण शेवटची डोली कधी उतरवली आणि तिला किती जण होते, हेही विचारा. आपले वय आपण लिहिलेले नाही. पन्नाशीच्या आत असाल, तर गावकरी पहिल्याच भेटीत आपल्या खांद्याकडे बघतील. त्याचा राग मानू नका.