हवालदार आणि सुभेदारात फरक काय, हाक कशी मारायची?

तुमच्या सोसायटीतले रिटायर्ड सुभेदार काका हवालदार म्हटल्यावर चिडले ते बरोबरच आहे हो 😄 आर्मीत शिपाई, मग लान्स नाईक (बाहीवर एक फीत), नाईक (दोन), हवालदार (तीन), शिपाई सोडून हे झाले एनसीओ (नॉन-कमिशन्ड ऑफिसर), आणि त्यावरचे नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर हे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर), त्यांना जवान "साहेब" म्हणतात, म्हणून "सुभेदार साहेब" म्हणा, विषय संपला. ट्रेनिंग देणारा असेल तर "उस्ताद", पुण्यात खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या (आर्मीच्या इंजिनिअर दलाच्या) बाजूला राहणाऱ्यांना हा शब्द नवीन नाही.

गंमत रणगाडेवाल्यांची, तिथे घोडदळाची जुनी नावं अजून चालतात, शिपायाचा सवार, हवालदाराचा दफेदार, सुभेदाराचा रिसालदार. पुण्याच्या लोहगाव हवाई तळाकडे एअर फोर्सवाला भेटला तर तिथे हवालदार नसतोच, कॉर्पोरल, सार्जंट, मग वॉरंट ऑफिसर. नेव्हीत लीडिंग सीमन, पेटी ऑफिसर वगैरे, हवालदाराच्या बरोबरीचा तो पेटी ऑफिसर.

आणि पोलीस हवालदार म्हणजे हेड कॉन्स्टेबल, त्याचा आर्मीशी काही संबंध नाही, बहुतेक काकांना तेच झोंबलं असणार.