रोज मरणाचा विचार केला तर माणूस खचत नाही का?
उलट होतं. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या मरणस्सति सुत्तात, म्हणजे मरणाच्या स्मरणावरच्या उपदेशात, बुद्ध भिक्खूंना विचारतात, मरणाची आठवण कशी ठेवता? एक म्हणतो, अजून एक दिवस-रात्र मिळाली तरी धम्म आचरता येईल. दुसरा म्हणतो, एक जेवण होईपर्यंत. बुद्ध वाखाणतात ते फक्त एक घास गिळेपर्यंतचा किंवा एक श्वास घेऊन सोडेपर्यंतचा वेळ धरणाऱ्यांना. बाकीच्यांना ते सरळ गाफील म्हणतात.

मी हे जेवताना करते. हातातला भाकरीचा तुकडा शेवटचा असू शकतो, असं मनात आलं की मोबाइल बाजूला ठेवला जातो, ठेच्याची चव नीट कळते. आईचा फोन ‘नंतर करू’ म्हणून राहत नाही. मात्र घरातलं कुणी नुकतंच गेलं असेल, तर आधी मनसोक्त रडून घ्या. ही साधना तोवर थांबेल.